डागडुजीची बखर

इतिहासात लढायांना जेवढी जागा मिळते तेवढी डागडुजीला मिळत नाही. पानिपतची लढाई कधी झाली हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण त्या सालच्या पावसाळ्यात पुण्यातल्या वाड्यांची कौलं कुणी शाकारली, हे कुठल्या बखरीत शोधू म्हणाल तर सापडायचं नाही. वास्तविक लढाई एका दिवसात आटोपते. कौलं दरवर्षी शाकारावी लागतात. पण लढणाऱ्याचा पुतळा होतो आणि शाकारणाऱ्याला 'अहो, अजून गळतंय' एवढंच ऐकावं लागतं.

म्हणून आज एका डागडुजीचाच इतिहास सांगायचं योजलं आहे. हा इतिहास 'लिनक्स' नावाच्या घराचा आणि त्यातही मुख्यतः त्याच्या दिवाणखान्याचा आहे. ज्यांनी हे घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं वास्तुशास्त्र. संगणकाचं यंत्र ही जमीन. तिच्यावर जो पाया घातलेला असतो त्याला कर्नल म्हणतात. मराठीत तो लष्करातल्या कर्नलसारखाच लिहिला जातो आणि वागतोही तसाच: कुणाला दिसत नाही, पण हुकूम त्याचा. त्या पायावर भिंती, जिने, नळ, दिवे. आणि सगळ्यांत दर्शनी भागी दिवाणखाना, म्हणजे डेस्कटॉप. चित्रं, खिडक्या, कोपऱ्यातलं घड्याळ, केराची टोपली, सगळं इथंच. येणारा-जाणारा घराची किंमत दिवाणखान्यावरून करतो, हे संगणकाच्या बाबतीतही खरं आहे. पाया कितीही पक्का असला तरी घड्याळ उजवीकडून डावीकडे गेलं की माणूस म्हणतो, 'घर बिघडलं.'

पाया घातला तो फिनलंडमध्ये. हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जगाला कळवलं की, आपण हौसेखातर एक छोटीशी कार्यप्रणाली लिहीत आहोत, फार मोठं काही होणार नाही. एकविसाव्या वर्षी आम्हीही हौसेखातर बरंच काही करत होतो, पण त्यावर पुढे निम्म्या जगाचे संगणक चालले नाहीत. भिंती-जिन्यांचं सामान त्याआधीच जमत आलं होतं. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला होता. प्रोग्रॅम कसा बनवलाय हे सर्वांना पाहता यावं, बदलता यावं आणि शेजाऱ्याला देता यावं, हा त्यांचा आग्रह. वाण्याने साखर द्यावी तसं शेजाऱ्याला सॉफ्टवेअर द्यायला हरकत नसावी, एवढा साधा विचार. पण साध्या विचारांनीच जगात जास्त भांडणं होतात.

दिवाणखान्याची चौकट मात्र त्याहून वेगळ्या गावची. एमआयटी या अमेरिकन संस्थेत १९८४ साली 'एक्स' नावाची खिडक्या मांडण्याची पद्धत निघाली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ साली आली आणि बारावी आजतागायत आली नाही. नव्वदच्या दशकात ही चौकट बसवताना आपल्या मॉनिटरचे आकडे फाइलीत हाताने लिहावे लागत, आणि चुकीचा आकडा दिल्यास मॉनिटर बिघडू शकेल, अशी सूचना माहितीपत्रकात असे. चूक झाली तर प्रोग्रॅम बंद पडतो हे आपण समजू शकतो. पण टंकलेखनातल्या चुकीने सामानच जळावं, ही शिक्षा आमच्या वेळच्या मास्तरांनाही सुचली नव्हती.

आता पाया झाला, चौकट झाली. पण पंखा, कपाट, दिवे हे सामान घरात आणायचं कसं? सुरुवातीला जो-तो सुटे भाग घरी आणून स्वतः ठोकाठोक करी. मग १९९२-९३च्या सुमारास सामान एकत्र करून देणारी मंडळी उभी राहिली. त्यांच्यातलं एक नाव डेबियन. हे नाव संस्थापक इयन मर्डॉक आणि त्यांची तेव्हाची मैत्रीण डेब्रा यांच्या नावांची संधी करून तयार झालं आहे. पुढे त्या दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, इयन तर २०१५ साली जगातूनच गेले. पण नावं अजून एकत्र नांदताहेत. सॉफ्टवेअरच्या जगात इतका टिकाऊ जोड दुसरा नाही.

या मंडळींनी सामान बांधून द्यायची पद्धत काढली. त्या गाठोड्याला म्हणतात पॅकेज. रेड हॅट कंपनीने १९९५ साली 'आरपीएम' नावाची बांधणी आणली. डेबियनची 'डीपीकेजी' त्याच्या आसपासचीच. प्रत्येक गाठोड्यावर चिठ्ठी असते: मला अमुक गाठोडं सोबत लागतं, तमुक आवृत्तीच लागते, आणि फलाणं घरात असेल तर मी येणार नाही.

वाचकहो, ज्याने लग्नघरात यादी केली आहे त्याला पुढचं सांगायला नको. मामांना बोलावलं तर मामी हवी. मामी आली तर धाकटी आत्या येत नाही. आत्या नसेल तर नवरीमुलगी बोहल्यावर उभी राहात नाही. आणि मामांशिवाय मुलीला बोहल्यावर नेणार कोण? नव्वदच्या दशकातला लिनक्सवाला साधं गाणं ऐकायचा प्रोग्रॅम बसवायला घेई आणि रात्री दोनला अशा मामा-आत्यांच्या फेऱ्यात बसलेला असे. एक गाठोडं दुसरं मागे, दुसरं तिसरं मागे आणि तिसरं पहिल्याशी भांडे. या अवस्थेला त्या लोकांनी 'डिपेंडन्सी हेल' असं नाव दिलं. गरुडपुराणात रौरव आहे, कुंभीपाक आहे. अवलंबित्वाचा नरक तेवढा व्यासांच्या नजरेतून सुटला होता.

या नरकातून सोडवायला डेबियनने मार्च १९९९च्या आवृत्तीत 'ॲप्ट' नावाचा कारभारी दिला. त्याला फक्त सांगायचं, 'अमुक हवंय.' मामा, मामी, आत्या यांची समजूत घालून, सगळ्यांना एकाच टांग्यात घालून आणणं हे त्याचं काम. ही इतकी गंभीर मंडळी, पण आवृत्त्यांची नावं ठेवली 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या खेळण्यांवरून, कारण त्या वेळचे त्यांचे म्होरके तो चित्रपट काढणाऱ्या पिक्सारमध्ये नोकरीला होते. जी आवृत्ती कायम अस्थिर, रोज बदलती, तिचं नाव 'सिड'. सिड म्हणजे त्या चित्रपटातला खेळणी मोडणारा शेजारचा पोर. सरकारी खात्यात असा प्रामाणिकपणा कुणी दाखवला तर त्याची बदली होईल.

आता दिवाणखाना सजवायची वेळ आली, आणि जिथे सजावट आली तिथे दोन मतं आली. ऑक्टोबर १९९६मध्ये जर्मनीतल्या मथियस एट्रिश या विद्यार्थ्याने म्हटलं, 'इथे प्रत्येक वस्तू वेगळ्या वळणाची आहे, साध्या माणसाला राहता येईल असा एकसारखा दिवाणखाना करू या.' त्यातून 'केडीई' उभं राहिलं. पण त्याच्यासाठी वापरलेलं लाकूड, 'क्यूटी' नावाचं, एका नॉर्वेजियन कंपनीचं होतं आणि तेव्हा ते पूर्णपणे मुक्त नव्हतं. म्हणून ऑगस्ट १९९७मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी वेगळी चूल मांडली. तिचं नाव 'ग्नोम'. पुढे सप्टेंबर २०००मध्ये ते नॉर्वेजियन लाकूडही मुक्त परवान्याखाली आलं. म्हणजे भांडणाचं कारण तीन वर्षांत संपलं. पण एका गल्लीत दोन गणपती बसायला लागले की मूळ वाद मिटल्याने कुणी मंडप उतरवत नाही. दोन्ही मंडळं आजही जोरात आहेत, आणि खरं सांगायचं तर दोघांची आरास एकमेकांमुळेच सुधारली.

इथपर्यंतचा इतिहास बांधकामाचा. खरी बखर सुरू होते नूतनीकरणापासून.

जानेवारी २००८मध्ये केडीईची चौथी आवृत्ती आली. आतून सगळं नव्याने बांधलं होतं. करणारे सांगत होते की, ही ४.० म्हणजे पाया आहे, सगळ्यांनी लगेच राहायला येऊ नये. पण आकडा शून्यावर संपला की लोक त्याला मुहूर्त समजतात. सामान वाटणाऱ्या काही मंडळींनी तीच आवृत्ती घरोघर पोचवली, आणि सकाळी उठून पाहतात तो नेहमीच्या खुंट्या जागेवर नाहीत! जो-तो छत्री अडकवायला हात वर करी आणि छत्री खाली पडे. ग्नोमवाले तेव्हा गालात हसले असतील. पण एप्रिल २०११मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. तिने खिडकी खाली घालवायचं बटणच काढून टाकलं आणि मेजावरची चित्रंही उचलून ठेवली. त्याच महिन्यात उबुंटू या लोकप्रिय वितरणाने 'युनिटी' नावाचा तिसराच दिवाणखाना सर्वांसाठी मांडला. तो २०१७पर्यंत चालला आणि मग तेही ग्नोमकडे परतले.

या धामधुमीत सगळ्यांत पाहण्यासारखी अवस्था झाली ती पाया घालणाऱ्या टोरवाल्ड्स यांची. २००५ साली त्यांनी लोकांना जाहीर सल्ला दिला, केडीई वापरा. २००९ साली सांगितलं, केडीईच्या चौथ्या आवृत्तीमुळे मी ग्नोमकडे गेलो. २०११ साली ग्नोमच्या तिसऱ्या आवृत्तीवर चिडून ते 'एक्सएफसीई' या साध्या बिऱ्हाडात गेले. आणि २०१३ साली पुन्हा ग्नोममध्ये! स्वतःच्याच इमारतीत ट्रंक आणि वळकटी घेऊन या मजल्यावरून त्या मजल्यावर फिरणारा हा जगातला एकमेव मालक असावा. पण त्यात एक मोठी गोष्ट दडली आहे. मालकालाही दिवाणखाना कसा असावा याचा हुकूम सोडता आला नाही. त्याने आपलं चारचौघांसारखं बिऱ्हाड बदललं.

आणि बाकीच्यांनी काय केलं? दुसऱ्या कुठल्या घरात असते तर कुरकुरत राहिले असते. इथे वस्तू कशी बनवली हे उघड होतं. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने २०११ साली ग्नोमच्या जुन्या दुसऱ्या आवृत्तीचीच प्रत घेतली आणि ती पुढे चालवायला सुरुवात केली. नाव ठेवलं 'माते', तिकडच्या लोकांच्या चहासारख्या पेयावरून. मराठी माणसाला ते नाव वाचून हात जोडावेसे वाटतात ते वेगळं. केडीईच्या जुन्या तिसऱ्या आवृत्तीलाही 'ट्रिनिटी' या नावाने वारस मिळाला. सवय हा माणसाचा हक्क आहे की आळस, यावर परिसंवाद होऊ शकेल. पण इथे तो हक्क बजावता येतो. अट एकच, कुणीतरी दरवर्षी कौलं शाकारायला हवीत. जुनं घर आपोआप उभं राहात नाही.

ही अट फार लोकांच्या लक्षात येत नाही. ती कशी कळते त्याचे दोन दाखले देतो. एक जगप्रसिद्ध, दुसरा आमच्या सोसायटीतला.

नोव्हेंबर २०२१मध्ये लिनस सेबॅस्टियन नावाच्या कॅनडातल्या प्रसिद्ध चित्रफीतकाराने (हा दुसरा लिनस, या घराला लिनसचा योगच आहे) महिनाभर लिनक्स वापरून पाहायचा पण केला. 'पॉप ओएस' हे वितरण घेतलं आणि खेळांसाठी 'स्टीम' नावाचा प्रोग्रॅम बसवायला गेला. त्या सुमारास त्या पॅकेजची जुळणी नेमकी बिघडलेली होती. चित्रमय दुकानाने नकार दिला, म्हणून त्याने काळ्या पडद्यावर आज्ञा दिली. कारभाऱ्याने हिशेब केला: स्टीम आणायचं तर दिवाणखाना बाहेर काढावा लागतो. तसं त्याने लिहून दाखवलं. जाणाऱ्या सामानाची लांबलचक यादी दिली, धोक्याची सूचना दिली, आणि म्हटलं, खरंच करायचं असेल तर 'होय, मी सांगतो तसं कर' या अर्थाचं इंग्रजी वाक्य अक्षरशः टंकून दाखवा. त्याने टंकलं. कारभाऱ्याने सांगितलं तसं केलं. दिवाणखाना गेला, उरली काळी भिंत.

जगभर दोन तट पडले. एक म्हणे, वाचायला काय झालं होतं? दुसरा म्हणे, पाहुण्याला खुर्ची मागितली तर घर पाडायचं का? मला विचाराल तर दोघांचंही खरं. पॅकेजची जुळणी लवकरच दुरुस्त झाली. आणि ॲप्टच्या पुढच्या आवृत्तीत घराचे आधारखांब काढायला नुसतं ते वाक्य पुरेनासं केलं. म्हणजे डागडुजी झाली. ती कुणी केली त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. चित्रफीत मात्र जगाने पाहिली.

आता आमच्या सोसायटीचा दाखला. आमचे चिटणीस बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या जुन्या संगणकावर लिनक्स आहे आणि त्यात सोसायटीचे हिशेब आहेत. वार्षिक सभा रविवारी. गुरुवारी रात्री संगणकाने 'नवी आवृत्ती आली आहे, घेऊ का?' असं विचारलं, काकांनी 'घे' म्हटलं, आणि काम निम्म्यावर असताना वीज गेली. शुक्रवारी सकाळी पडदा काळा, डाव्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय. काकांचा चेहरा त्या पडद्याहून काळा.

"सगळे हिशेब गेले हो! आता तिसऱ्या मजल्यावरचे मला सभेत जिवंत ठेवतील का?"

"अहो, आधी चहा घ्या," आमची ही म्हणाली. हिच्या मते चहाने दुरुस्त होत नाही असं यंत्र नाही.

माझा भाचा घरी आलेला होता. तो उठला, काकांच्या संगणकापुढे बसला आणि कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन ही तीन बटणं एकदम दाबली. काळ्यावर पांढरी अक्षरं आली. "काका, पुढचं दार अडकलंय, मागचं उघडं आहे," तो म्हणाला. त्याने आत शिरून पहिल्यांदा डिस्कवर जागा शिल्लक आहे ना ते पाहिलं. कित्येक अपग्रेडं केवळ जागा संपल्याने अडकतात. जुने कर्नल निवृत्त होऊनही कोठार सोडत नाहीत. जागा होती. मग त्याने ॲप्टला हाक मारली. ॲप्ट म्हणाला, काम मध्येच तुटलं आहे, ते पुरं करायला अमुक आज्ञा द्या. आज्ञा तिथेच अक्षरन् अक्षर लिहिलेली होती!

"म्हणजे औषध रोगानेच लिहून दिलंय?" काका म्हणाले.

"हो काका. फक्त वाचायचं."

'डीपीकेजी, कॉन्फिगर, सगळं' या अर्थाची ती आज्ञा दिल्यावर दहा मिनिटं अक्षरं पळत राहिली. एका जागी अडली. तिथे ॲप्टला 'मोडलेलं जोड' म्हणून सांगितलं. मग कुठल्याशा परक्या कोठारातून कधीकाळी आणलेलं एक पॅकेज नव्या मंडळींशी जुळत नव्हतं, ते काढलं. मध्ये ॲप्टने 'तुम्ही मोडकी पॅकेजं अडवून धरली आहेत' असाही आरोप केला. काका दुखावले. "चाळीस वर्षं बँकेत होतो, कुणाचं काही अडवून धरलं नाही." भाच्याने समजावलं की ही यंत्राची बोलायची पद्धत आहे, त्याचा अर्थ एवढाच की मामा आणि आत्या यांचा मेळ बसत नाहीये.

दिवाणखाना उघडला, पण खालची पट्टी गायब. भाच्याने एक नवा वापरकर्ता तयार केला आणि त्याच्या नावाने आत शिरला. तिथे पट्टी होती. "म्हणजे घर ठीक आहे, तुमच्या जुन्या आवडीनिवडींचं नव्या मांडणीशी पटत नाहीये." आवडीनिवडींची ती लपलेली फाइल त्याने पुसली नाही, नुसतं नाव बदलून बाजूला ठेवली. पट्टी आली. हिशेब? ते काकांच्या स्वतःच्या कप्प्यात होते आणि या सगळ्या गोंधळात त्यांना कुणी हातही लावला नव्हता. दिवाणखाना कोसळला तरी तिजोरी वेगळ्या खोलीत असते. तरीही भाच्याने ते आधी एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले होते. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी त्याला सोसायटीचा सभासद करून घ्यायची तयारी दाखवली.

रविवारी सभा झाली. हिशेब बिनचूक निघाले, तिसऱ्या मजल्यावरचे नेहमीप्रमाणे रंगकामावर घसरले. त्यांचं म्हणणं, मेंटेनन्स कशाला द्यायचा? इमारत तर उभीच आहे! काकांनी पहिल्यांदाच आवाज चढवून उत्तर दिलं, "उभी आहे ती मेंटेनन्समुळेच!"

मला वाटतं, या साऱ्या इतिहासाचं सार त्या वाक्यात आहे. डेबियनच्या २०२५ साली निघालेल्या तेराव्या आवृत्तीत सुमारे ७० हजार पॅकेजं आहेत. प्रत्येकावर एक चिठ्ठी आहे, आणि ती चिठ्ठी कुणीतरी लिहिली आहे: बहुतेक वेळा पगाराशिवाय, रात्रीची भांडी घासून झाल्यावर. मामा-आत्यांचं जमवणारी ही माणसं आपल्याला दिसत नाहीत. दिसते ती एक ओळ, काळ्यावर पांढरी, 'असं असं झालं आहे, असं करा' म्हणणारी. घर फुकट मिळालं आहे, भाडं नाही, पागडी नाही, मालकही हुकूम सोडत नाही. वर्गणी एवढीच आहे की, ती ओळ शेवटपर्यंत वाचायची, आणि मगच 'होय' म्हणायचं. एवढी स्वस्त वर्गणी आमच्या सोसायटीत असती तर तिसऱ्या मजल्यावरच्यांनीसुद्धा थकवली नसती. निदान मला तशी आशा आहे.